बिटं, चाकं आणि पाती: छोट्या वर्कशॉपसाठी भिंतीवरची मांडणी

ड्रिल मशीन आणि चार इंची ग्राइंडर घरात आला की त्यांच्यामागनं बिटं, चाकं, पाती, ब्रश आणि नट सोडवायचे पाने यांची वरात येते. मशीनला स्वतःची पेटी असते, या वरातीला नसते. मग सगळं रंगाच्या रिकाम्या बादलीत जातं. बादलीच्या तळाशी भिंतीचं बिट लोखंडाच्या बिटावर घासतं, एक मिलिमीटरचं कटिंग व्हील पान्याखाली दबून तडकतं, आणि नेमकं हवं ते बिट सापडत नाही म्हणून तेच पुन्हा विकत आणावं लागतं. हे साहित्य वापरून जितकं संपतं, त्याहून जास्त ओलीनं आणि आपसातल्या घासाघाशीनं वाया जातं.

खाली सांगितलेली मांडणी चार फूट रुंद भिंतीवर बसते. अर्धी प्लाय शीट पुरते आणि नवख्या माणसालाही दोन-तीन सुट्ट्यांत जमते. बनवताना दोन गोष्टी सोडायच्या नाहीत. पहिली, प्रत्येक वस्तूला स्वतःचं भोक किंवा स्वतःची खाच हवी, म्हणजे संध्याकाळी आवरताना रिकामी जागा डोळ्यांवर येते. दुसरी, कुठलाही खण भिंतीला कायमचा ठोकायचा नाही. तो हातानं उचलून काढता आला पाहिजे. कोल्हापुरात या दुसऱ्या अटीला एक वेगळंच कारण आहे, ते पावसाळ्याच्या भागात येईल.

आधी सगळं खाली ओता

मापं घेण्याआधी बादली जुन्या चादरीवर रिकामी करा. ढीग लावायचे ते मापाप्रमाणं नाही, कामाप्रमाणं. दुकानदार मापाप्रमाणं लावतो, कारण त्याला विकायचं असतं. आपल्याला काम करायचं असतं, आणि कामाला एकटं बिट कधीच लागत नाही. भिंतीवर रॅक ठोकायचा तर ८ मिमीचं भिंतीचं बिट, ८ चे प्लग, त्यात बसणारे स्क्रू आणि पीएच-२ चं (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचं) स्क्रू बिट, हे चारही लागतात. चारही एका खणात असले की एकदाच हात घालायचा.

लोखंडाच्या कामात तर हे फार उपयोगी पडतं. एम-६ चे (६ मिमी बोल्टचे) साधे आटे पाडायचे तर आधी ५ मिमीचं ड्रिल मारावं लागतं, एम-८ ला ६.८, एम-१० ला ८.५. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, उमेदवारी केलेल्या पोराला हे झोपेतही सांगता येतं. बाकीच्यांनी टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि त्याचं ड्रिल शेजारी शेजारी ठेवावं आणि खाली आकडा लिहावा. ६.८ चं ड्रिल ७ च्या ओळीत ठेवलं की ते हमखास ७ म्हणून वापरलं जातं.

बिटं ओळखायची कशी? भिंतीच्या बिटाच्या टोकाला कार्बाइडचा वेगळा तुकडा बसवलेला असतो आणि तो खालच्या दांड्यापेक्षा किंचित रुंद असतो. लोखंडाचं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट अखंड असतं, टोकापासून शँकपर्यंत, म्हणजे मशीनमध्ये धरायच्या दांड्यापर्यंत, एकाच धातूचं, काळं किंवा चकचकीत. लाकडाच्या बिटाला मध्यभागी काट्यासारखं टोक असतं. तिन्ही एकत्र पडली की घाईत एचएसएस बिट भिंतीत चालवलं जातं आणि धार लावेपर्यंत ते लोखंडाला नुसतं तापवत बसतं. म्हणून या तिघांचे ठोकळे वेगळे, आणि ठोकळ्यांना ऑइल पेंटची वेगवेगळी पट्टी. रंग कुठलाही घ्या, पण एकदा ठरला की बदलू नका.

तडकलेली चाकं, कडा उडालेली चाकं, मुंडी गोल झालेली स्क्रू बिटं याच वेळी बाजूला काढा. उरलेलं मोजा आणि त्याच्या दीडपट जागा धरा. पुढच्या दिवाळीपर्यंत ती भरते.

भिंत कोणती निवडायची

आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात, त्यामुळं मांडणी तिथं नको. दोन खोल्यांमधली आतली भिंत सगळ्यांत चांगली. मोरीची किंवा पाण्याच्या टाकीची भिंत आतली असली तरी टाळा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका. गिलाव्यातला वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

विटेची भिंत असेल तर स्क्रूची लांबी अशी काढा: प्लाय १८ मिमी, गिलावा साधारण १५ मिमी, आणि विटेत निदान ४० मिमी. बेरीज ७३, म्हणून ७५ मिमीचा, ५ मिमी जाडीचा स्क्रू आणि ८ मिमीचा नायलॉन प्लग. प्लग गिलाव्यात अडकून चालणार नाही, तो आत विटेपर्यंत सरकवायचा. नवखे लोक ४० मिमीचा स्क्रू घेतात, तो विटेला जेमतेम टेकतो आणि वजन आलं की गिलाव्याच्या खपलीसकट बाहेर येतो.

पेठांमधल्या जुन्या घरांत मातीत रचलेल्या भिंती असतात. तिथं प्लग धरत नाही, कितीही जाड घ्या. अशा ठिकाणी स्लॉटेड अँगलचे (भोकं पाडलेल्या लोखंडी पट्टीचे) दोन उभे पाय करून त्यावर पट्ट्या बोल्टनं बसवा, किंवा लाकडी खांब असेल तर थेट खांबात स्क्रू मारा. पन्हाळा, शाहूवाडी, आजरा या बाजूला जांभ्याच्या भिंती असतात. त्यात भोक पाडताना मशीनचा हॅमर बंद ठेवा. दगड सच्छिद्र असतो, ठोका बसला की भोक पसरतं आणि प्लग फिरत राहतो.

लाकूड

खणांना १२ मिमी आणि पट्ट्यांना १८ मिमी प्लाय लागतो. दुकानात सगळ्यांत स्वस्त मिळतो तो कमर्शियल, म्हणजे एमआर (नुसती ओल सोसणारा) दर्जाचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) दर्जाचा मागा. आयएस ७१० चा मरीन प्लाय त्याहून चांगला, पण बिटं टांगायला इतका खर्च करायची गरज नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) नको म्हणजे नको. अखंड शीट ८ बाय ४ फुटांची येते, पण फर्निचरचं काम चालू असलेल्या कुठल्याही बंगल्यावर दोन-अडीच फुटांचे उरलेले तुकडे पडलेले असतात. मिस्त्रीला विचारलं तर देतो, फार तर चहाचे पैसे घेतो.

बिटांच्या ठोकळ्यांना मात्र प्लायपेक्षा अखंड लाकूड बरं. प्लायमध्ये उभी भोकं पाडली की थर सुटतात. इथं आपलं शहर मदतीला येतं. शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचे नमुने) बनवणारी दुकानं आहेत, आणि पॅटर्नला लागतं ते लाकूड वाळलेलं, सरळ रेषांचं, गाठी नसलेलं असतं. त्यांच्याकडं ५०-६० मिमी जाडीचे तुकडे कचऱ्यात जातात. ते मागून आणा.

पण तिथून मोजपट्टी उसनी आणत असाल तर आधी ती आपल्या पट्टीशेजारी धरून बघा. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुद्दाम तेवढी मोठी आखलेली असते. तिच्यावरचे ३०० मिमी प्रत्यक्षात ३०३ भरतात. त्या पट्टीनं मापलेला खण आपल्या पट्टीनं मापलेल्या फळीवर बसणार नाही आणि चूक कुठं झाली ते कळणारही नाही.

बाभळीचं लाकूड फुकट मिळालं तरी ओलं असेल तर घेऊ नका. आपल्या चपलांचं कातडं ज्या टॅनिननं कमावतात, ते बाभळीच्या सालीत भरपूर असतं आणि लाकडातही असतं. ओल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की लोखंड काळं पडतं आणि गंजतं. साल काढलेली, वर्षभर सुकलेली बाभूळ चालते.

तिरकी पट्टी: सगळ्या मांडणीचा आधार

१८ मिमी प्लायची चार फूट लांब, १२० मिमी रुंद फळी घ्या. ती लांबीत बरोबर मध्यावरून, पातं ४५ अंशांत कलवून, चिरा. एकमेकींत बसणाऱ्या दोन तिरक्या कडांच्या पट्ट्या मिळतात. एक भिंतीला लागते, दुसरी तुकडे करून खणांच्या पाठीला. अशा दोन फळ्या चिरा, म्हणजे भिंतीवर दोन ओळी होतील.

हे चिरणं टेबल सॉवर करून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सॉ मिलमध्ये किंवा फर्निचरवाल्याकडं पाच मिनिटांचं काम आहे. आपल्याकडं सर्क्युलर सॉ असेल आणि तिची बेस प्लेट कलत असेल, तर फळीवर सरळ पट्टी शिकंज्यानं आवळून तिच्या कडेनं चालवा. ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावून हे काम करू नका. ते पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं आणि कुणीकडं जाईल सांगता येत नाही. दुकानात ते पातं उघडपणे विकतात म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

आता दिशा, कारण गोंधळ इथंच होतो. भिंतीवरच्या पट्टीची तिरकी कड वर येते, आणि तिची टोकदार धार भिंतीपासून लांब, म्हणजे आपल्याकडं असते. त्यामुळं पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये वर एक खाच तयार होते. खणाच्या पाठीवरची पट्टी उलटी: तिरकी कड खाली, टोकदार धार भिंतीच्या बाजूला. खण वरून सरकवला की त्याची धार खाचेत उतरते, आणि वजन जितकं जास्त तितका खण भिंतीकडं ओढला जातो. ठोकायच्या आधी दोन तुकडे हातात धरून एकमेकांत अडकवून बघा, मग शंका राहत नाही.

पहिली ओळ जमिनीपासून चार फुटांवर, दुसरी साडेपाच फुटांवर. स्पिरिट लेव्हल नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी वापरा, चार फुटांच्या अंतराला तीच जास्त खरी. टोकापासून १० सेंमी सोडून पहिला स्क्रू, मग साधारण ३० सेंमीवर एकेक. स्क्रूची मुंडी प्लायमध्ये बुडाली पाहिजे, नाहीतर खण तिथं अडतो.

खणाची पाठ १२ मिमी प्लायची, ३०० बाय २५० मिमी. वरच्या बाजूला तिरकी पट्टी, आणि खालच्या बाजूला १८ मिमी प्लायचीच एक साधी पट्टी, आधाराला. ही खालची पट्टी विसरली तर खण पुढून खाली झुकतो. दोन्ही पट्ट्या फेविकॉल लावून २५ मिमी स्क्रूनं बसवा; १८ आणि १२ मिळून ३० होतात, त्यामुळं टोक पलीकडं बाहेर पडत नाही. खण सरकवताना करकरला तर तिरक्या कडेवर मेणबत्ती घासा. या रचनेत खण आणि भिंत यांच्यामध्ये १८ मिमी पोकळी आपोआप राहते. हवा खेळते, भिंतीची ओल थेट लाकडात येत नाही.

बिटांचा ठोकळा

सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या. ठोकळा साधारण २५० मिमी लांब, ८० मिमी रुंद, ५० मिमी उंच. एचएसएस बिटांची लांबी मापाप्रमाणं वाढत जाते: ३ मिमीचं बिट ६१ मिमी लांब, ६ चं ९३, १० चं १३३. सगळी एकाच ओळीत उभी केली तर बारकी बिटं जाड्यांच्या मागं लपतात. म्हणून दोन ओळी करा. मागं मोठी, पुढं छोटी, आणि पुढची ओळ अर्ध्या अंतरानं सरकवलेली, म्हणजे प्रत्येक बिट समोरून दिसतं.

दोन भोकांमध्ये निदान २० मिमी अंतर ठेवा. बिट उचलताना दोन बोटं जायला हवीत. कागदावर १२ मिमीसुद्धा पुरेसं वाटतं, हातमोजा घातल्यावर पुरत नाही. भोक बिटाच्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं: ६ ला ६.५, ८ ला ८.५. घट्ट भोक आज बरं वाटतं, आषाढात लाकूड फुगलं की बिट पकडीनं उपसावं लागतं. खोली बारक्यांना २५ मिमी, ८ च्या पुढं ३५. खोली सारखी राहावी म्हणून ड्रिलच्या बिटाला त्या मापावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या आणि पट्टी लाकडाला टेकली की थांबा. भोक उभं सरळ जावं म्हणून गुण्या शेजारी उभा करा. एकानं मशीन धरावं, दुसऱ्यानं बाजूनं बघून ‘जरा डावीकडं’ म्हणावं, हे सगळ्यांत स्वस्त ड्रिल स्टँड.

भोकं पाडायच्या आधी सगळ्या खुणा पंचनं ठोकून घ्या, नाहीतर बिट लाकडाच्या रेषेबरोबर घसरतं आणि ओळ वाकडी होते. सगळी भोकं झाली की प्रत्येकाच्या तळातून ३ मिमीचं भोक आरपार पाडा. ते नसेल तर वरून पडणारा भुसा आणि लोखंडाचा कीस तळाशी साठतो, ओल धरतो, आणि शँक खालून गंजू लागते. आरपार भोक असलं की ठोकळा उचलून झटकला, काम झालं.

बिट कसं ठेवायचं, टोक वर की खाली, यावर दोन मतं आहेत. मी टोक वर ठेवायच्या बाजूचा आहे. धार गेली आहे का ते उचलण्याआधीच दिसतं. त्याची किंमत अशी की मापाचा शिक्का शँकवर असतो, तो लपतो, म्हणून ठोकळ्याच्या पुढच्या बाजूला माप लिहावंच लागतं. घरात लहान मुलं असतील तर हा खण वरच्या ओळीत. ३ मिमीच्या खालची बिटं मात्र उघडी ठेवू नका, बाही अडकली तरी मोडतात. ती जुन्या गोळ्यांच्या बाटलीत.

ठोकळा खणाच्या तळफळीवर सरळ बसवण्याऐवजी मागून १० मिमीची पट्टी घालून पुढं थोडा कलता बसवा. आकडे वाचायला सोपे जातात. आकडे कायम राहणाऱ्या मार्करनं लिहून वर वॉर्निशचा एक हात द्या, नाहीतर तेलकट बोटांनी ते महिन्याभरात पुसले जातात.

रोटरी हॅमरची बिटं असतील तर काम उलट सोपं आहे. त्याचं एसडीएस-प्लस (शँकला खाचा असलेलं) बिट ६ चं असो की १६ चं, त्याची शँक १० मिमीचीच असते. म्हणजे सगळी भोकं ११ मिमीची, एकाच बिटानं पाडलेली. ही बिटं लांब आणि जड असल्यानं ठोकळा ६० मिमी उंच आणि भोक ४५ मिमी खोल घ्या. शँकला ग्रीस लावावं लागतं आणि ग्रीसला वाळू चिकटली की मशीनचा चक खराब होतो, म्हणून ठेवताना शँक फडक्यानं पुसायची आणि ग्रीसची डबी त्याच खणात ठेवायची.

स्क्रू बिटांची षटकोनी शँक पाव इंची, म्हणजे सपाट बाजूंमध्ये ६.३५ मिमी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती ७.३ मिमीच्या आसपास भरते. ७ मिमीचं भोक पाडलं तर कोपरे लाकडात रुततात आणि ठोकळा उलटा केला तरी बिट पडत नाही. ७.५ चं पाडलं तर सहज निघतं. शिडीवर चढून वापरायच्या ठोकळ्याला ७, भिंतीवरच्याला ७.५. पीएच-२ ला पाच-सहा भोकं द्या, कारण झिजतं तेच; बाकीच्यांना एकेक.

ग्राइंडरची चाकं

बिट खराब झालं तर काम अडतं. चाक खराब असलं तर ते फुटून तोंडावर येऊ शकतं. म्हणून चाकांचा खण दिसायला साधा असला तरी चालेल, नियम मात्र पक्के हवेत.

कटिंग आणि ग्राइंडिंगची ही चाकं राळेनं बांधलेली असतात आणि राळ ओलीनं कमकुवत होते. चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ती वापरायची शेवटची मुदत. साधारणपणे ती बनवल्यापासून तीन वर्षांची असते. दुकानातून घेतानाच ती वाचा, स्वस्तात दिलेला गठ्ठा बऱ्याचदा मुदतीच्या काठावरचा असतो. जुनं चाक वर, नवं खाली, म्हणजे आधीचं आधी संपतं.

पातळ चाक खिळ्याला अडकवायची सवय सगळीकडं दिसते. तशी टांगलेली चाकं धक्क्यानं एकमेकांवर आपटतात, कडा उडतात, आणि उघडी असल्यानं हवेतली ओलही पितात. ती सपाट, आडवी ठेवायची. १२ मिमी प्लायचा १२० मिमीचा चौकोन घ्या, मध्ये १५ मिमीचा लाकडी दांडा उभा बसवा. चार इंची चाकाचं भोक १६ मिमीचं असतं, ते सैल बसतं. वर तेवढाच दुसरा चौकोन झाकण म्हणून ठेवा, त्याच्या वजनानं चाकं सपाट राहतात. पाच इंचीचं भोक २२.२३ मिमीचं, त्याला २१ चा दांडा आणि १५० चा चौकोन. मार्बल कटरच्या डायमंड पात्याचं भोक २० मिमीचं, त्याला १९ चा.

दांडे वेगळ्या जाडीचे ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. मोठं चाक झिजून चार इंचाएवढं झालं की ते चार इंची ग्राइंडरला लावायचा मोह होतो. सात इंची चाकावर कमाल वेग मिनिटाला सुमारे ८,५०० फेरे छापलेला असतो, तर चार इंची मशीन ११-१२ हजारांनी फिरतं. भोक जुळवून ते बसवणारे लोक आहेत. आपल्या मांडणीत मोठं चाक छोट्या दांड्याजवळ येऊच नये. झिजलेली मोठी चाकं तोडून टाका. अखंड भंगारात टाकली तर दुसरा कुणी उचलून लावतो.

जून ते सप्टेंबर हा सगळा गठ्ठा प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात, त्यात सिलिका जेलची पुडी. निळी जेल गुलाबी झाली की ती भरली असं समजायचं. मंद आचेवर तापवून पुन्हा निळी करता येते, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

बेंच ग्राइंडरचा दगड याच कुटुंबातला, पण जातीनं वेगळा. तो जाड लाकडी खुंटीला टांगला तर चालतो. बसवण्याआधी खुंटीवर टांगूनच स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच टकटक करा. स्वच्छ टणत्कार आला तर दगड बरा, भदभद आवाज आला तर आत तडा आहे. राळेच्या पातळ चाकांना ही परीक्षा लागू पडत नाही, ती नजरेनंच तपासायची.

ग्राइंडरचा दोन खुंट्यांचा पाना आणि जादा नट याच खणात खिळ्याला. पाना दुसरीकडं गेला की माणसं स्क्रू ड्रायव्हर आणि हातोड्यानं नट सोडवतात.

पाती, राउटर बिटं, पॉलिश पेपर

सर्क्युलर सॉच्या पात्यांच्या दातांवर कार्बाइडचे तुकडे असतात. कठीण पण ठिसूळ. दात दातावर आपटला की कपची उडते. ६ मिमी प्लायचे उभे पडदे करून त्यांच्यामध्ये १० मिमीच्या फटी ठेवा, एका फटीत एक पातं. राउटर (लाकडात खाचा कोरायचं मशीन) बिटांनाही हेच लागू: ठोकळा बिटांसारखाच, पण भोकांमधलं अंतर ४० मिमी, कारण वरचं डोकं रुंद असतं. जिगसॉची पाती लहान असतात, लाकडाची आणि लोखंडाची वेगळी दोन पाकिटं पुरतात. बारीक दात लोखंडाला, मोठे लाकडाला.

पॉलिश पेपर आणि वेलक्रोच्या चकत्या सपाट ठेवा, उथळ ट्रेमध्ये, ८०, १२०, २२० असे थर पुठ्ठ्यानं वेगळे करून. ओल लागली की त्या वळतात आणि मग मशीनला चिकटत नाहीत. वायर ब्रश कुठंही टांगा, फक्त चाकांच्या वर नको. त्याच्या सुटलेल्या तारा खाली पडतात.

बॅटरीवरची मशीनं असतील तर बॅटऱ्या या मांडणीपासून दूर. लोखंडाचा कीस टर्मिनलमध्ये गेला तर शॉर्ट होऊ शकतं.

पावसाळा आणि पूर

मे महिन्याच्या शेवटी सगळी बिटं एकदा काढून पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात द्या. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. तेलाचं फडकं चाकांच्या खणाकडं नेऊ नका. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे पत्र्याला घाम येतो आणि थेंब खाली ठिबकतात; तिथं वरच्या ओळीवर प्लायची एक उतरती फळी छतासारखी बसवा.

आता खण सुटे ठेवायचं ते कारण. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नदीकाठची गावं, या भागात वर्कशॉप बहुधा तळमजल्यावरच असतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये नदी दोन्ही पातळ्यांच्या कितीतरी वर गेली. ठोकून बसवलेलं कपाट त्या वेळी वाचवता येत नाही. तिरक्या पट्टीवरचे सात-आठ खण मात्र एक माणूस पंधरा मिनिटांत उचलून वरच्या मजल्यावर नेतो. पाणी ३९ ला टेकल्याची बातमी आली की खण काढायला घ्या, ४३ ची वाट बघू नका. तोवर गॅस आणि धान्य हलवायची गडबड सुरू झालेली असते.

पहिला फेरा चाकांचा आणि बॅटऱ्यांचा, कारण भिजल्यावर त्यांना उपाय नाही. भिजलेलं चाक उन्हात कडकडीत वाळवलं तरी वापरायचं नाही, आणि पुरात बुडालेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. बिटांचा फेरा शेवटी गेला तरी चालतो. पुराच्या गाळातून निघालेली बिटं त्याच दिवशी स्वच्छ पाण्यानं धुऊन, पुसून, तेल लावून ठेवली तर बहुतेक वाचतात. ठोकळे जिन्यावरून नेताना बिटं ओघळतात, म्हणून वरून जुना टॉवेल गुंडाळा आणि सुतळीनं बांधा. ती सुतळी पट्टीच्या टोकाला आत्ताच अडकवून ठेवा.